कर्जत ते बसरा: इंग्रजीचा वर्ग

मराठी लेखक विलास सारंग १९७४ मध्ये इराकमधल्या बसरा विद्यापीठात इंग्रजी शिकवायला गेले आणि १९७९ पर्यंत तिथे राहिले. बसऱ्याच्या त्या मुक्कामातूनच पुढे, १९८३ मध्ये, ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी आली. तिचा नायकही बसऱ्यात इंग्रजी शिकवणारा. सारंगांच्या आधी, १९६० ते १९६३ या काळात, कवी दिलीप चित्रे इथिओपियात शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. नगरला इंग्रजीचे तास घेतलेले कादंबरीकार भालचंद्र नेमाडे पुढे लंडनच्या ‘स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज’मध्ये शिकवून आले. इंग्रजी शिकवायला परदेशी जाण्याची ही वाट जुनीच आहे. आता तिची जाहिरात मोबाईलवर येते आणि नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या एसटी स्टँडवर बसलेला प्राध्यापकही ती वाचतो.

जाणाऱ्याच्या मनात बहुधा शेक्सपिअर असतो, निदान थॉमस हार्डी तरी. एम.ए.ला तेच वाचलेलं, नेट-सेट त्यावरच दिलेली. तिथे गेल्यावर मात्र हातात पडतं वर्कबुक. ओमानमध्ये पदवीच्या आधी ‘जनरल फाउंडेशन प्रोग्रॅम’ असतो, सौदीच्या काही विद्यापीठांत ‘प्रिपरेटरी इयर’. शाळा अरबीतून शिकलेली मुलं पुढे इंजिनिअरिंग किंवा मेडिकल इंग्रजीतून शिकणार, म्हणून आधी भाषेची तयारी. परिच्छेद कसा बांधायचा, आलेख पाहून चार वाक्यं कशी लिहायची, टेप ऐकून टिपणं कशी काढायची, हे रोजचं काम. कोणत्या आठवड्यात कोणतं पान हे आधीच ठरलेलं, परीक्षा सगळ्या तुकड्यांना एकच, आणि निबंधाला गुण कसे द्यायचे याचा तक्ताही छापील. तास म्हणजे पन्नास मिनिटांचं व्याख्यान अशी ज्याची सवय, त्याला हे फार जड जातं.

ज्याने कर्जतला रयत शिक्षण संस्थेच्या दादा पाटील महाविद्यालयात किंवा तशाच एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात एफ.वाय.ला कंपल्सरी इंग्लिश शिकवलंय, त्याची शिदोरी मात्र त्याला वाटते त्यापेक्षा मोठी असते. राशीन, मिरजगाव, सिद्धटेक या बाजूंनी मुलं येतात. अनेकांच्या घरात इंग्रजी वाचणारी ही पहिलीच पिढी. शेवटच्या बाकावरच्या मुलाला उत्तर येतं, पण चुकलो तर पोरं हसतील म्हणून तो तोंड उघडत नाही. त्याला बोलतं कसं करायचं, हे कुठल्याही परदेशी प्रमाणपत्राच्या आधी इथे शिकून होतं. आधी शेजाऱ्याशी बोलू द्यायचं, मग दोघांनी मिळून वर्गाला सांगायचं. मस्कतच्या वर्गात गप्प बसणाऱ्या मुलालाही हाच उपाय लागू पडतो.

चुका वाचण्यातही हीच तालीम कामी येते. अरबी मुलगा लिहितो, ‘माय फादर फार्मर’. त्याच्या भाषेत अशा वर्तमानकाळी वाक्याला ‘आहे’ लागत नाही. कर्जतच्या मुलाच्या वहीत तेच वाक्य ‘माय फादर इज फार्मर’ असं उतरतं. क्रियापद आलं, ‘अ’ गळालं, कारण मराठीत आर्टिकल नाहीत. इथिओपियात अम्हारिक बोलणाऱ्या मुलाचं क्रियापद वाक्याच्या शेवटाकडे ओढ घेतं, अगदी आपल्यासारखं. लाल पेन उचलण्याआधी अशी चूक कुठून आली हे ज्याला दिसतं, तो अर्धं काम तिथेच करतो. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून कष्टाने मिळवलेल्या शिक्षकाची ही खरी ताकद आहे आणि ती त्याने मुलाखतीत निःसंकोच सांगावी.

उच्चारांत मात्र स्वतःवर मेहनत घ्यावी लागते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पेपर’चा ‘बेबर’ होतो. यावर जुना उपाय कागदाच्या कपट्याचा: ओठांसमोर कपटा धरून ‘पेन’ म्हणायचं, हवेच्या झोताने तो हलला पाहिजे. मराठी शिक्षक हा प्रयोग करतो तेव्हा कपटा जागचा हलत नाही. आपला ‘प’ अल्पप्राण. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हवा सोडणारा. खोलीत आरशासमोर कपटा धरून आधी स्वतःचा ‘पेन’ बसवावा, मगच वर्गात जावं.

काही दारं जवळपास बंदच असतात. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठीचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. पासपोर्ट बघून शिक्षक निवडणं हा अन्यायच, आणि तो अन्याय आहे असं म्हणत राहायला हवं. आखातात आणि आफ्रिकेत मात्र भारतीय शिक्षकाची परंपरा आहे.

इथिओपियाला जाणाऱ्याने घड्याळ समजून घ्यावं. तिथे दिवस उजाडताना मोजणी सुरू होते. आपले सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे तीन. वर्षाला महिने तेरा, नवं वर्ष सप्टेंबरात. परीक्षा ‘तीन वाजता’ असं मुलं सांगतात तेव्हा कोणत्या घड्याळाने, हे विचारून घेतलेलं बरं. सौदीत आणि ओमानमध्ये आठवडा रविवारी सुरू होऊन गुरुवारी संपतो.

कागदपत्रांना वेळ लागतो. पदवीची विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि देशानुसार दूतावासाचाही. भरती करणारा एजंट असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, हे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतं. करार बहुधा एक-दोन वर्षांचा असतो. नूतनीकरण कोण ठरवणार, घरभाडं आणि परतीचं तिकीट कुणाकडे, मध्येच देश सोडावा लागला तर पगाराचं काय, हे लेखी घ्यावं. २०११ मध्ये लिबियातून आणि २०१५ मध्ये येमेनमधून हजारो भारतीयांना सरकारने घाईने परत आणलं. अशा वेळी हातातल्या पिशवीत मावेल तेवढंच सोबत येतं. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि कराराची झेरॉक्स घरी ठेवूनच निघावं. इथल्या नोकरीतली रजा मंजूर झाल्याचं पत्रही त्याच फाईलमध्ये लावावं.