मागे काय दिसतंय?

ऑफिसमधल्या कुणाचाही डीपी उघडून बघा. चेहरा एकदम शार्प आणि मागचं सगळं लोण्यासारखं गुळगुळीत. फोटो लोणावळ्याला काढलाय की कॅन्टीनमध्ये, कळायला मार्ग नाही! सगळी पोर्ट्रेट मोडची कृपा. आयफोनमध्ये हा प्रकार २०१६ साली आला आणि बघता बघता सगळ्यांच्याच खिशात गेला. फोन काय करतो, तर माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं याचा अंदाज बांधतो आणि उरलेलं पुसून टाकतो. अंदाज हुकला की कानातला डूल नाहीतर केसांची एखादी बट त्या धुक्यात गडप.

माझ्याकडे एक लेन्स आहे, तिला असले अंदाज बांधता येत नाहीत. समोरून आलेला उजेड काचेतून जाताना जसा वाकेल तसा वाकतो, बस्स. नाव हेलिओस ४४-२. ५८ मिलिमीटर, एफ/२, सोव्हिएत बनावटीची. शहापूरचा माझा मामा पूर्वी लग्नांचे फोटो काढायचा, त्याच्या झेनिट कॅमेऱ्यावरची. झेनिट केव्हाच बंद पडला. लेन्स मात्र मामाने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती, नव्या चपलांच्या खोक्यात येतात ना, त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. शहापूरचा पाऊस तुम्ही पाहिला असेल तर त्या पुड्यांचं महत्त्व सांगायला नको. बुरशी चढली की काच कायमची अंधूक होते. मामीच्या मते घरातल्या चामड्याच्या पट्ट्यांना बुरशी लागायची, पण त्या डब्याला कधी नाही!

हिचं मूळ जर्मन. १९३० च्या दशकात येना इथल्या कार्ल झाइसने बायोटार नावाची लेन्स काढली. महायुद्धानंतर रशियनांनी त्याच रचनेवर हेलिओस बनवली आणि लाखोंनी विकली. मागे ४२ मिलिमीटरचे आटे. बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. एक ॲडॉप्टर रिंग घेतली की आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर मस्त बसते. ऑटोफोकस नाही. फोकस हाताने करायचा, श्वास रोखून. कारण एफ/२ वर दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढताना स्पष्ट येणारी पट्टी जेमतेम आठ सेंटीमीटरची असते. डोळे धरले तर कान सुटतात. फोटो काढून घेणाऱ्यानेही जरा धीर धरावा लागतो आणि मला वाटतं त्या दहा सेकंदांत चेहरा खरा होतो. सेल्फीचं हसू तेवढा वेळ टिकत नाही.

पण या लेन्सची खरी गंमत पाठीमागे आहे. मागच्या धूसरपणाच्या पोताला जपानी शब्द आहे, ‘बोके’. इंग्रजीत तो १९९७ साली एका अमेरिकन फोटोग्राफी मासिकाने रूढ केला. आपल्याकडे बोके म्हणजे अर्थातच दुसरंच काहीतरी... पण योगायोग बघा, हेलिओसच्या फोटोत कोपऱ्यांतले प्रकाशाचे ठिपके असतात ना, त्यांना जगभर मांजराचे डोळेच म्हणतात!

होतं असं. फोकसच्या बाहेरचा प्रत्येक प्रकाशबिंदू हा लेन्सच्या छिद्राचा छाप असतो. छिद्र पूर्ण उघडं म्हणजे गोल चकती. हेलिओसमध्ये एफ/४ वर आणलं तर आठ पाती असल्याने अष्टकोन. पण फोटोच्या कडेचा प्रकाश लेन्समध्ये तिरका शिरतो. नळीच्या पुढच्या-मागच्या कडा त्याला दोन्ही बाजूंनी कापतात आणि गोलाची लिंबोणी होते. या लिंबोण्या मधल्या बिंदूभोवती फेर धरतात, म्हणून मागची झाडी भोवऱ्यासारखी गरगरताना दिसते. शास्त्राच्या हिशेबाने हा दोष. नव्या लेन्सवाले तो घालवायला जंग जंग पछाडतात आणि आम्ही त्यासाठीच जुन्या शोधत फिरतो. पण नव्यांतही सगळं आलबेल नसतं हं. साच्यात दाबून घडवलेल्या काही काचा चकत्यांच्या आत वलयं सोडतात, कापलेल्या कांद्यासारखी.

हा फेर कुठेही येत नाही. कोऱ्या भिंतीपुढे हेलिओस इतर कुठल्याही लेन्ससारखीच. तिला मागे बारीकबारीक उजेड लागतो. शहापूरच्या जंगलात मी शिकले, की सागापुढे फेर नीट जमत नाही. पानं फार मोठी, मधल्या फटी ढोबळ. बांबूचं बेट किंवा करवंदीची जाळी हवी आणि ऊन पलीकडून यायला हवं. म्हणजे मागे काय आहे हे आधी बघावंच लागतं. मला ही लेन्स आवडते ती या अटीमुळे. फोन लोणावळ्याचं आणि कॅन्टीनचं एकच लोणी करतो. हेलिओसच्या धूसरात बांबू निदान बांबूसारखा धूसर होतो.

तिला सगळ्यात खूश मी पाहिलंय म्हशाच्या जत्रेत. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरते, गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. एका घोंगडीवाल्या आजोबांना विचारून त्यांचा फोटो काढला. मागे आकाशपाळण्याचे दिवे. मधले गोल, कडेचे लिंबासारखे आणि सगळे आजोबांच्या पागोट्याभोवती फिरतायत. ऑफिसात दाखवला तर सगळे म्हणाले, “फिल्टर कुठला?”

जत्रेहून दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेले. तिचं सासर मुरबाड तालुक्यातच, काळू नदीकाठच्या एका गावात. या नदीवर मुंबई महानगराच्या पाण्यासाठी धरण बांधायचं ठरलं. २०११ मध्ये काम सुरू झालं, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. पण धरणाचं नाव अधूनमधून पुन्हा निघतं आणि नाव निघालं, की आत्याच्या गावात त्या रात्री कुणी लवकर झोपत नाही. (मुंबई-ठाण्याच्या आपल्या नळांना शहापूरच्या भातसाचं पाणी येतं. दाढी करताना नळ चालू ठेवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.)

आत्या अंगणात बसली. सकाळचं ऊन, मागे पडवी, कौलं, दाराशी पाण्याचे हंडे. एफ/२ वर क्लिक. भन्नाट आला! तिच्या कपाळावरची प्रत्येक सुरकुती स्पष्ट आणि हंड्यांवरचं ऊन मागे सोनेरी चकत्या होऊन फिरतंय. मी तिला कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवला. तिने तो लांब धरला, जवळ आणला, मग म्हणाली,

“तोंड तर आधार कार्डावरपन हाय गं बाय. घर कुठं गेलं माजं?”

मी म्हटलं, “आत्या, ते मुद्दाम धूसर केलंय, छान दिसावं म्हणून.”

“आमचं सगलं धूसरच करत्यात. तू तरी नीट काढ.”

हेलिओसला दोन रिंगा आहेत. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरीने छिद्र उघडायचं-मिटायचं. मी आकडा आठवर नेला, चार पावलं मागे सरले. फेर गेला, लिंबोण्या गेल्या, आणि कौलं एकेक मोजता यावीत अशी आली. भिंतीवरचा गेल्या पावसाळ्याचा ओल चढलेला डाग आला, दोरीवरचं लुगडं आलं, ओट्यावर झोपलेला कुत्रा आला. खरं सांगू? फोटो म्हणून मला अजूनही पहिलाच आवडतो. माझ्या लॅपटॉपवर तोच आहे आणि तो बघून लोक अजून फिल्टरचं नाव विचारतात.

दोन्ही प्रिंट मी आत्याला नेऊन दिल्या. आठवाला तिने फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. घरी कुणी आलं, की बोट ठेवून दाखवते. ही पडवी, ही चूल बाहेरची, इथं तुझा काका बसायचा. दुसरा कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत, घडी न घालता जपून ठेवलाय. तोही आवडलाय तिला, पण तो “फकस्त माजा” आहे म्हणे.

पुढच्या खेपेला घर नदीकडच्या बाजूने घे, अशी ऑर्डर आहे. तिकडून आंबाही येतो आणि गोठाही. छिद्र सोळापर्यंत मिटतं, तेवढं पुरावं.