आईने वायरी बदलल्या

नवा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घेतला तेव्हा जांबोटीला घरी मी किंमत ३,८०० रुपये सांगितली. खरी किंमत म्हणजे त्यावर आणखी एक शून्य. लॅपटॉपमधून येणारा बारीक सिग्नल हेडफोनला पुरेल इतका मोठा करायचा, एवढंच या डबीचं काम. ते माझी जुनी स्वस्त डबीही करत होती. पण नव्यावर कुमार गंधर्व ऐकले आणि वाटलं, तानपुरा मोकळा झाला, श्वाससुद्धा ऐकू येतोय. (कुमारजी आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, जन्म १९२४चा, त्यामुळे जरा जास्तच भरून आलं.) बेंगळुरूहून चुलतभावाला फोनवर तासभर हेच सांगितलं. त्यानेही पहिल्या बोनसमधून तोच घेतला.

डिसेंबरात दोन्ही डब्या घेऊन गावी गेलो. गोव्याकडे जाणारी चोर्ल्याची वाहनं रात्री विरळ होतात, थंडीत पंखाही नसतो. बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये अशी शांतता कुठली?

आधी बाबांच्या मल्टिमीटरने ३०० हर्ट्झचा एकच सूर लावून मोजलं. नॉब माझ्या नेहमीच्या खुणेवर असताना नवी डबी जवळजवळ सव्वापट व्होल्टेज देत होती, म्हणजे सुमारे २ डेसिबल जास्त. एवढी वाढ कानाला ‘मोठी’ वाटत नाही, ‘चांगली’ वाटते. हे मी वाचलं होतं, पण ते इतरांना लागू होतं!

मग दोन्हींचा आवाज जुळवला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. आई मागे नाणं उडवून पिन या डबीत नाहीतर त्या डबीत घालायची आणि कॅलेंडरच्या मागे टिपून ठेवायची. १६ वेळा केलं. माझी ९ उत्तरं बरोबर आली. नाण्याने ८ दिली असती. मोकळा तानपुरा, श्वास, सगळं त्या २ डेसिबलांत होतं.

मी गप्प झालो. आईने गंमत म्हणून माझे छोटे इअरफोन कानात घातले. मी गाणं थांबवलं.

“गाणं बंद केलास न्हवं, मग हे सूं-सूं कसलं यायलंय?”

जुन्या ध्वनिमुद्रणात खरखर असतेच, म्हणून मी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. पण टेपची खरखर गाण्याबरोबर थांबते. गाणं थांबल्यावरही उरते ती अ‍ॅम्प्लिफायरची. ही सूं-सूं नव्या डबीची होती. तिची ताकद मोठ्या, जड हेडफोनसाठी. इवल्याशा पण अतिसंवेदनशील इअरफोनमध्ये तिचा स्वतःचा गोंगाटही उघडा पडतो. जुनी डबी गप्प होती. आईने पुन्हा १६ वेळा पिन बदलली. या वेळी १६ पैकी १६.

म्हणजे खरा फरक मला ऐकू आला, आणि तो महागड्या डबीच्या विरुद्ध निघाला.

चुलतभावाला फोन करणं अवघड गेलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “पण दादा, मला तर नव्यावर फरक स्पष्ट कळतो.”

“आवाज जुळवला होतास काय?”

पलीकडे बराच वेळ काही नाही. शिमग्याला तो त्याची डबी घेऊन येणार आहे. आई म्हणाली, “येऊ दे. पण खरी किंमत सांगितल्याशिवाय मी पिनेला हात लावणार नाही.”