मूळ संहिता न पाहता

विभागातल्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी संगणक हवा होता आणि आमच्या कपाटात २००७ सालचा लॅपटॉप धूळ खात पडला होता. त्यावरच्या विंडोज व्हिस्टाचे सुरक्षा-अद्ययावतीकरण एप्रिल २०१७मध्येच थांबलेले. तेव्हा ती पुसून आम्ही डेबियन लिनक्स बसवले. पडदा, ध्वनी, देवनागरी कळफलक, सारे पहिल्याच दमात चालले. वायफाय तेवढे निपचित. तिच्या वसतिगृहात वायफायखेरीज दुसरी सोय नाही. म्हणजे आम्ही तिला एक जड टंकलेखन यंत्र देऊ केले होते.

‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली की आतल्या उपकरणांची यादी मिळते. आमच्या चिपची ओळख निघाली १४ई४:४३११. आधी उत्पादक, मग वस्तू. हजेरीपटासारखे आडनाव पुढे. चिप शाबूत होती. सुरू होताना तिला फर्मवेअर नावाची छोटी आज्ञावली बाहेरून भरवावी लागते, आणि ती इतरांनी वाटण्याची मुभा उत्पादकाने दिलेली नाही. बंदिस्त फर्मवेअर स्थापना-प्रतीत घालण्यास डेबियनच्या सदस्यांनी २०२२मध्ये मतदानाने मान्यता दिली खरी. पण जे वाटण्याचीच परवानगी नाही, ते तेही घालू शकत नाहीत. म्हणून एक पॅकेज उत्पादकाचा जुना ड्रायव्हर आंतरजालावरून उतरवून त्यातून फर्मवेअर कापून काढते. आंतरजालावरून! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

या चिपचा ‘बी४३’ हा मुक्त ड्रायव्हर कसा लिहिला गेला, ते वाचताना मात्र आम्ही वायफाय विसरलो. उत्पादकाने तपशील दिले नव्हते. मग काही जणांनी त्याचा बंदिस्त ड्रायव्हर उकलला आणि चिप कशी वागते याचे केवळ वर्णन लिहिले. दुसऱ्या चमूने ते वर्णन वाचून स्वतंत्र ड्रायव्हर रचला. लिहिणाऱ्यांनी मूळ पाहायचे नाही, हा दंडक. नाहीतर नकलेचा आरोप येतो. आधीची आवृत्ती २००६मध्ये, २.६.१७ या लिनक्स गाभ्यात आली. ‘बी४३’ २००८च्या जानेवारीत, २.६.२४मध्ये. कादंबरी न वाचता गाइडवरून उत्तरे लिहिणाऱ्यांना आम्ही वर्षानुवर्षे नापास करत आलो आहोत. इथे मूळ न वाचणे हाच प्रामाणिकपणा! आणि वर्णन इतके नेमके, की त्यावरून लिहिलेले चालते. आमच्या समीक्षेतल्या किती वर्णनांवरून कविता पुन्हा उभी राहील, या प्रश्नाने आम्ही थोडे ओशाळलो.

तरी फर्मवेअर बंदिस्तच राहिले. कट्टर मंडळी म्हणतील, चिपच बदला. आम्हांला प्रबंध अधिक महत्त्वाचा वाटला. मात्र या निवडीने आम्ही सुखावलो, असे म्हणवत नाही.

शेवटी मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, ते पॅकेज बसवले, यंत्र पुन्हा सुरू केले. कोपऱ्यातल्या यादीत शेजाऱ्यांची वायफाय-नावे एकामागून एक उमटली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत ठेवता ठेवता तिने विचारले, “सर, वसतिगृहात हे सगळं परत करावं लागेल का?”

“नाही. वीज गेली की ती चिप सगळं विसरते. पण सुरू होताना यंत्रच तिला पुन्हा सांगतं.”

“रोज?”

“रोज,” आम्ही म्हणालो.