ओख्याची ट्रंक

आमची हिरवी पत्र्याची ट्रंक सध्या गच्चीत काळ्या रंगाचा पहिला हात वाळवत बसली आहे. नातवाला सहावं लागतंय आणि वाढदिवस ‘पायरेट’वालाच पाहिजे. लेकीनं मंगळबाजारातून काळं सॅटिन आणून डोळ्यावरच्या पट्ट्या शिवल्या, जाड कागद चहात बुडवून, कडा जाळून खजिन्याचा नकाशा केला. नकाशात देवमासा हवाच, कारण बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममधला सांगाडा चिरंजीवांनी पाहिलाय. राहिली खजिन्याची पेटी. ऑनलाइन थर्माकोलची मिळत होती. मी म्हटलं, ट्रंक काढा.

ही माझ्या आजोबांची. ते बडोदा संस्थानच्या जकात खात्यात होते. सयाजीरावांनी १९२६ साली ओखा बंदर सुरू केलं, पुढे त्यांची तिकडे बदली झाली. दांडिया बाजारातल्या माणसानं तोवर पाणी पाहिलेलं ते सूरसागर तलावाचं! आजी सांगायची, तिकडच्या खाऱ्या हवेत कुलपं तेल घालूनही धरायची. ट्रंकेचा कोयंडा अजून तांबूस आहे. लहानपणी आम्ही भावंडं तिच्यात बसून नाव वल्हवायचो. लग्नात तिच्यातून माझं रुखवत आलं, नंतर ती पलंगाखाली गेली आणि मखराचं सामान सांभाळत राहिली. रंगवतोय म्हटल्यावर भाऊ फोनवर भडकला. त्याच्या घरी तिला जागा नव्हती, हे मी बोलले नाही.

गंमत म्हणजे, ओख्याकडचे चाचे काही गोष्टीतले नव्हते. जहाजं लुटणार नाही असं बेटद्वारका आणि आसपासच्या ठाकोरांकडून इंग्रजांनी १८०७ मध्ये लिहून घेतलं, आणि १८१७ मध्ये ओखामंडळ गायकवाडांकडे आलं. तरी तिथले वाघेर लोक काही गप्प बसले नाहीत. १८५९ मध्ये बेटद्वारका आणि द्वारका त्यांच्या ताब्यातून घ्यायला इंग्रजांना आरमार आणि फौज आणावी लागली. त्यांना नुसते लुटारू म्हणणं मला जड जातं. तो किनारा त्यांचाच होता. कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचेच म्हणत. आंग्रे दस्तक, म्हणजे परवाना, मागत आणि नसला तर जहाज धरत. आजोबाही बंदरावर कागदच मागत. फक्त त्यांना पेन्शन होती. खापरपणजोबा जकातीचे आणि पोरगं दर्यावरचं दरोडेखोर, अशी आमच्या घराण्याची प्रगती!

ट्रंक रिकामी करताना तळाच्या वर्तमानपत्राखाली सयाजीरावांच्या नावाचे तांब्याचे पैसे निघाले. घासल्यावर त्यावर घोड्याचा खूर आणि तलवार दिसू लागली. खरा खजिना, तोही तलवारीसकट! नातवानं एक दाताखाली धरून पाहिला आणि आतून चॉकलेट निघत नाही म्हणून परत केला. तेव्हा पेटीत सोनेरी कागदातली नाणीच जाणार.

खाण्याचं ठरलंय: मुलांना केक, मोठ्यांना शेव उसळ. अडलंय वेगळ्याच गोष्टीवर. येणाऱ्या प्रत्येक पोराला कप्तान व्हायचंय, लुटलं जायला कोणी तयार नाही. शेवटी ‘ह्यांना’ विचारलं. कंपनीचा गोरा साहेब व्हायला ते तयार आहेत, पण लूट शेव उसळीनंतर, अशी त्यांची अट आहे, आणि तर्री त्यांना वेगळी काढून ठेवायची आहे.