चांदी आणि माणसे

आम्ही परभणीकडची माणसे. समुद्राशी आमचा संबंध तो काय? आमची गोदावरी गंगाखेडवरून पुढे जाते आणि दूर कोठेतरी सागराला मिळते, एवढेच आम्हांस ठाऊक. ज्वारी, कापूस आणि पावसाची वाट यांत आमचे आयुष्य सरते. तरीही नोव्हेंबर उजाडून देवळात मृतांसाठी प्रार्थना सुरू झाली, की सागराच्या तळाशी निजलेल्या काही माणसांची आठवण आम्हांस होते. त्यांच्यापैकी कोणीही आमच्या नात्यातले नव्हते.

ती माणसे ‘तिलावा’ बोटीवरची. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही दहा हजार टनांची बोट माल आणि उतारू दोन्ही वाहून नेई. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, २० नोव्हेंबर १९४२ रोजी, ती मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. ७३२ उतारू, २२२ खलाशी व नोकर आणि ४ तोफची अशी एकूण ९५८ माणसे तिच्यावर होती. सोबत सहा हजार टनांहून अधिक माल होता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या चांदीच्या २,३९१ लगडीही त्यात होत्या.

२३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने तिला टॉर्पेडोने गाठले. घाबरलेल्या लोकांनी होड्यांकडे धाव घेतली. बोट लगेच बुडाली नाही. पण दुसरा टॉर्पेडो आला आणि ती तळाला गेली. दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने ६७४ जणांना वाचवले, ‘कार्थेज’ बोटीला आणखी ४ जण सापडले. २८० माणसे परतली नाहीत.

त्या काळी अशा बोटींवर स्वयंपाकघरात व जेवणघरात बहुधा गोव्याचे ख्रिस्ती तरुण असत. मुंबईत धोबी तलावच्या आसपास त्यांच्या गावागावांचे ‘कूड’ होते. बोट लागली की तरुण तिथे आपली पेटी ठेवी आणि संध्याकाळी वेदीपुढे सर्वांबरोबर रोझरी म्हणे. उतारूंमध्ये अनेकजण पोटापाण्यासाठी आफ्रिकेची वाट धरलेले. वाचकहो, हे दृश्य आम्हांस परके वाटत नाही. दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातूनही बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसे ऊसतोडीला निघतात. चूल, भांडी, लेकरे सोबत घेऊन, घराला कुलूप लावून. परदेशी निघालेल्याच्या मागे गावात राहिलेली आई सगळीकडे सारखीच असते.

आता त्या चांदीची गोष्ट ऐका. २०१७ साली एका कंपनीने सुमारे अडीच हजार मीटर खोल पाण्यातून २,३६४ लगडी वर काढल्या. मोबदल्यासाठी इंग्लंडमध्ये दावा उभा राहिला. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. पंचाहत्तर वर्षे समुद्रात पडलेल्या चांदीलाही हिशेब होता, मालक होता, वकील होते. जवळजवळ प्रत्येक लगड मोजली गेली.

आणि माणसे? मुंबईत मसजिद बंदर भागात, खलाशांच्या निवासात, दुसऱ्या महायुद्धात सागराने गिळलेल्या सुमारे साडेसहा हजार भारतीय दर्यावर्दींच्या नावांचा ग्रंथ आहे. तो ग्रंथ खलाशांचा. डेकवर वळकटी पसरून निजलेला उतारू त्यात बसत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, ८० वर्षांनी, वाचलेल्यांचे व बुडालेल्यांचे नातलग मुंबईत एकत्र जमले. ज्यांना मूठभर माती टाकायला कबर मिळाली नाही, त्यांनी एवढी वर्षे दुःख घरातच ठेवले होते.

या कथेला आणखी एक बाजू आहे. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळच्या समुद्रात सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून उतरून ज्या जपानी पाणबुडीत चढले, ती हीच ‘आय-२९’. एका घरात जिचे नाव अभिमानाने घ्यावे, तिच्याच नावाने दुसऱ्या घरात दिवा विझला. पुढे २६ जुलै १९४४ रोजी अमेरिकन पाणबुडीने तिलाही बुडवले. तिच्यावरील बहुतेक सर्वजण तिच्याबरोबर गेले. तेही कोणाची तरी लेकरे होती, त्यांनाही कबर नाही. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा प्रभूने आपल्याला दिली. ती पाळणे सोपे जावे म्हणून शत्रू मरण्याची वाट पाहावी, असे तो म्हणाला नाही. पण निदान मेल्यावर तरी ती पाळायला काय हरकत आहे?

नोव्हेंबरात आपण धर्मगुरूंकडे आपल्या मृतांच्या नावांची यादी देतो. आजोबा, आजी, अकाली गेलेला भाऊ. त्या यादीच्या तळाशी दोन ओळींची जागा असतेच. एकीवर लिहावे, ‘तिलावावरील २८०’. दुसरीवर, ‘त्यांना बुडवणारे’. चांदी तिच्या मालकाकडे पोहोचली. ही माणसे ज्याची आहेत त्याच्याकडे त्यांची नावे आपण पोहोचवू.