गारुडी, गायक आणि कारकून

कायद्याचे पुस्तक कोणी हौसेने विकत घेत असेल, असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते. कादंबरी हौसेने घ्यावी, कवितासंग्रह मित्राच्या भिडेखातर घ्यावा आणि कायदा मात्र गळ्याशी आल्यावरच घ्यावा, अशी माझी समजूत होती. तथापि गेल्या हिवाळ्यात नई सडकेवरच्या एका दुकानातून मी 1957 च्या कॉपीराइट कायद्याची मूळ संहिता आणली आणि तेव्हापासून ती माझ्या उशाशी आहे. निमित्त आमच्या मंडळाचे. गणेशोत्सवात बसवावयाच्या नाटकाला नाटककाराची परवानगी लागते किंवा कसे, एवढेच पाहण्याचे काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपविले होते. दिल्लीत नोकरीला आलेला आणि त्यातून पदवीधर असलेला मराठी माणूस सगळे कायदे कोळून प्यालेला असतो, असा आपल्या लोकांचा एक गोड समज आहे.

वास्तविक मी लगेच नाटकाच्या कलमाकडे वळावयास हवे होते. परंतु कारकुनाचे डोळे आधी स्वतःच्या जातीचा उल्लेख शोधतात. तो मला सापडला. सरकारच्या आदेशानुसार किंवा नियंत्रणाखाली तयार झालेली कृती ही ‘शासकीय कृती’ होय आणि वेगळा करार नसेल, तर तिचे प्रथम स्वामित्व सरकारचे. म्हणजे गेली बारा वर्षे मी लिहीत आलेल्या टिप्पण्या, मसुदे, स्मरणपत्रे यांतील एक अक्षरही माझे नाही. याचे दुःख मला झाले असे नव्हे. ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने’ या शब्दांवर हक्क सांगण्याची इच्छा कोणत्या स्वाभिमानी माणसाला होईल? पण आपण दिवसभर लिहितो आणि त्याखाली आपले नाव कोठेच नसते, ही गोष्ट मनात कोठे तरी बसली खरी.

नाटकाच्या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितपणे सोपे निघाले. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही, असे 52 व्या कलमात स्पष्ट आहे. त्याच कलमाने लग्नाच्या वरातीतील वाजंत्रीलाही मोकळीक दिली आहे. आमचे खजिनदार हर्षभरित झाले. “अहो, मग मानधन कशाला? कायदाच नको म्हणतो आहे!” कायदा ‘नको’ म्हणत नाही, केवळ ‘सक्ती नाही’ म्हणतो, हा भेद त्यांना पटविण्यात एक बैठक गेली. मराठी नाटकाच्या पुस्तकात आतल्या पानावर परवानगीची आणि मानधनाची सूचना छापलेली असते. तिकडे दुर्लक्ष करून पुढच्या पानावरील पहिला प्रवेश वाचणे मला कधी जमलेले नाही. ज्याच्या शब्दांवर आपण दोन महिने तालमी करणार, त्याच्या वारसांना एक पत्रही लिहू नये, हे माझ्या मते कायदेशीर असले, तरी शोभणारे नव्हते. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ करा, म्हणजे पत्राचीही कटकट नाही, अशीही एक सूचना आली. देवल 1916 साली वारले. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत. पण संगीत नाटकाला लागणारे गळे आमच्याकडे आता उरले नाहीत.

एका तरुण सभासदाने आणखी वेगळी वाट काढली. नाटक नकोच, त्यातली कल्पना तेवढी घेऊ आणि संवाद आपणच लिहू, असे तो म्हणाला. याला शास्त्राधार आहे, आणि तोही अस्सल दिल्लीचा. आर. जी. आनंद नावाचे एक वास्तुशिल्पी नाटकेही लिहीत. त्यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक 1954 साली येथील वेव्हेल थिएटरमध्ये झाले. शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलांचे प्रेम आणि वडीलधाऱ्यांचा प्रांताभिमान, असा त्याचा विषय. आनंद यांनी ते एका चित्रपटनिर्मात्याला ऐकविले. पुढे 1956 साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला. त्यातही पंजाबी आणि मद्रासी होते, प्रेम होते आणि प्रांताभिमानही होता. आनंद न्यायालयात गेले. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कल्पनेवर, विषयावर, कथावस्तूवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती तिला दिलेल्या रूपावर, मांडणीवर. चित्रपटाचे रूप निराळे होते. त्यात घरभाड्याच्या वेळचा प्रांतभेद होता, हुंड्याचा प्रश्न होता. आनंद हरले. मात्र खंडपीठावरील न्यायमूर्ती पाठक यांनी असेही नमूद केले की, हा प्रश्न आपल्यापुढे प्रथमच आला असता, तर आपला निष्कर्ष कदाचित निराळा झाला असता. खालच्या दोन्ही न्यायालयांचे मत एकच होते, म्हणून त्यांनी ते मोडले नाही.

हा निकाल मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा माझे मन दुभंगले. चित्रपटातला तरुण दिल्लीत खोली शोधत हिंडतो. प्रत्येक घरमालकाला आपल्याच प्रांताचा भाडेकरू हवा असतो. शेवटी तो बिचारा मद्रासी असल्याचे सोंग घेतो. आडनाव ऐकताच दार हळूच लोटून घेणारा घरमालक आपणांपैकी कोणी पाहिला नाही? तो अनुभव कोणा एकाच्या मालकीचा कसा होईल? त्या दृष्टीने निकाल योग्यच. पण आपले नाटक विश्वासाने दुसऱ्याला ऐकविणारा आनंदही डोळ्यांपुढून हलत नाही. त्या तरुण सभासदाला मी एवढेच म्हणालो की, कल्पना घेण्याची मुभा आहे खरी, परंतु संवाद लिहिण्यास आपल्यापैकी कोण बसणार? तो विषय तेथेच संपला. मूळ नाटकच करावयाचे ठरले आणि चहापाण्याच्या खर्चाला कात्री लावून मानधनाची रक्कमही मंजूर झाली.

मग निघाला चित्रीकरणाचा प्रश्न. प्रयोग यूट्यूबवर ठेवावा, गावाकडची मंडळी पाहतील, असे सर्वांचे मत. येथे 52 व्या कलमाची ती सवलत उपयोगी पडत नाही. प्रयोग करणे वेगळे आणि तो टिपून घेऊन जगापुढे ठेवणे वेगळे. त्याला नाटककाराची अनुमती हवी, आणि नटांचीही! ‘प्रयोगकर्ता’ कोणाला म्हणावे, याची कायद्यातील व्याख्या मी बैठकीत मोठ्याने वाचून दाखविली. नट, गायक, वादक, नर्तक, कसरती करणारा डोंबारी, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्याता आणि प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती. ‘गारुडी’ शब्दाला सगळे हसले. मला मात्र ती यादी फार आवडली. आमच्या कायद्यांत सहसा इतकी माणसे दिसत नाहीत. शिवाय बिदागी घेतली पाहिजे, अशी अट त्यात नाही. तेव्हा आमच्या नाटकात हवालदाराचे काम करणारा उच्च श्रेणी लिपिकही त्या पंक्तीत मानाने बसतो.

ही पंक्ती फार उशिरा वाढली गेली. मूळ कायद्यात लेखक होता, संगीतरचनाकार होता, निर्माता होता, गाणारा नव्हता. 1977 साली एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडून स्वतंत्र टिपण लिहिले आणि खेद व्यक्त केला की, आपल्या देशात गाण्याचा प्राण ज्याच्या गळ्यात असतो, त्या गायकालाच कायदा ओळखत नाही. संसदेने ते मनावर घेण्यास सतरा वर्षे लागली. 1994 च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याला हक्क मिळाला आणि 2012 च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक भर पडली : आपल्या गाण्याखाली आपले नाव असावे आणि आपल्या कीर्तीला बाध येईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, हे मागण्याचा हक्क. लेखक-शिल्पकारांना तो आधीपासूनच होता. त्याच्याच बळावर अमरनाथ सेहगल विज्ञान भवनातील आपल्या ब्राँझच्या भित्तिशिल्पासाठी सरकारशी भांडले. ते 1979 साली भिंतीवरून उतरवून भांडारात टाकण्यात आले होते. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष आणि पाच लाख रुपये त्यांना देवविले. जाता जाता : 2016 साली हा सगळा विषय शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाकडून उद्योगांच्या खात्याकडे गेला. फायली जागा बदलतात त्याला कारणे असतात. पण मला ते थोडे लागले.

कायद्याआधीच्या काळात आपले नाव गाणाऱ्याने स्वतःच सांभाळले. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या दिवसांत, 1902 पासून, गौहरजान गाणे संपताच तबकडीवर स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे. तबकड्या परदेशात तयार होत. तेथील कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे, एवढाच त्यातला व्यवहार. परंतु आज त्या ओरखडलेल्या सुरांमागून ते नाव ऐकू येते, तेव्हा तो व्यवहार वाटत नाही.

हे सगळे आमच्या वसाहतीतील एका काकूंच्या कानी गेले. काकूंचे यजमान रेल्वेत होते. ते निवृत्त झाले, पुढे वारले, काकू येथेच राहिल्या. आठ वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात त्यांनी एक जुने नाट्यपद म्हटले होते आणि कोणी तरी ते टिपून घेतले होते. ते आता हजारो लोक ऐकतात. पण त्याखाली नाव भलत्याच बाईचे आहे. काकूंनी मला बोलावून मोबाइल पुढे केला. “अरे, हा आवाज माझा आहे ना? की मलाच आता ओळखू येत नाही?” आवाज त्यांचाच होता. पदाचा कवी जाऊन शंभर वर्षे झाली, त्याचे शब्द सर्वांचे झाले. परंतु त्या संध्याकाळचे गाणे प्रयोगाच्या पुढील वर्षापासून पन्नास वर्षे काकूंचे आहे, हे मी त्यांना सांगितले. ते काढून टाकण्याची मागणी करता येईल, असेही म्हणालो.

“काढायचं कशाला? लोकांना ऐकू दे. नाव तेवढं नीट घालायला सांग.”

मी तेथेच मसुदा केला. माझी भाषा कचेरीचीच झाली, पण काकूंनी तिला हरकत घेतली नाही. हरकत निघाली ती निराळीच. पेटी आणि तबला कोणी वाजविला, ते यात कोठे आहे? पेटीवाल्यांचे नाव त्यांना पाठ होते. तबलजी बदली होऊन नागपूरला गेले आणि तेथेच वारले. त्यांचे आडनाव आठवत होते, नाव काही केल्या आठवेना. “नुसतं आडनाव नको,” काकू म्हणाल्या. रात्रीचे दहा वाजून गेले होते. त्यांनी नागपूरला त्यांच्या मुलीला फोन लावला, नाव विचारले, मला अक्षरे सावकाश सांगितली, आणि मी तीन नावांचे पत्र पुन्हा कोऱ्या कागदावर उतरवून काढले.