फाशाचे गणित आणि गोळीचा हिशेब

घरात नातवंडांचा ल्युडोचा किंवा सापशिडीचा डबा असेल, तर त्यातील फासा क्षणभर हातात घ्यावा. त्याला सहा बाजू असतात आणि सगळ्या सारख्या. तो टाकण्यापूर्वीच आपण सांगू शकतो की, सहाचे दान पडण्याची शक्यता सहात एक, म्हणजे शंभरात सुमारे सतरा. हे उत्तर नुसत्या विचाराने मिळते. गणितात तिला सैद्धांतिक संभाव्यता म्हणतात. आता फासा खरोखरच साठ वेळा टाकावा आणि प्रत्येक दान वहीत मांडावे. त्या नोंदींतून निघेल ती प्रायोगिक संभाव्यता. या दोहोंत अंतर का पडते, हा प्रश्न वरवर शाळकरी वाटेल. पण माझ्या दवाखान्यात तो जवळजवळ रोज उभा राहतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा प्रयोग मी स्वतः केला आहे. दुपारी रुग्ण नसताना साठ दाने टाकली. एक ११ वेळा, दोन ९, तीन १३, चार ८, पाच १४ आणि सहा केवळ ५ वेळा. हिशेबाने प्रत्येक दान दहा वेळा पडायला हवे होते. मग हट्टाने आठवडाभरात सहाशे दाने पूर्ण केली. त्यांत सहा ९३ वेळा आले, हिशेबाने ते शंभर वेळा यायचे. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. साठ दानांत सहाची तूट पाचाची होती, सहाशे दानांत ती सातांची झाली. म्हणजे तूट भरून निघाली नाही, उलट किंचित वाढलीच. टक्केवारी मात्र आठच्या घरातून साडेपंधरावर, सतराच्या जवळ आली. फासा मागची उधारी फेडत नाही, कारण त्याला स्मरणच नाही. पुढच्या शेकडो दानांत मागची तूट विरून जाते, एवढेच. ‘इतका वेळ आले नाही, आता येणारच’ असे सोंगट्या खेळताना माझी आजी कवड्या खुळखुळवीत म्हणत असे. ते तिचे समाधान होते, कवड्यांना त्याचे काही नव्हते.

हिशेब आणि मोजणी यांची ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. महाभारतातील नलाच्या कथेत ऋतुपर्ण राजा वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती, ते सांगतो. नलाला ते पटत नाही; तो झाड पाडून फळे मोजतो, आकडा जुळतो, आणि मग राजाकडून फाशांची विद्या घेतो. त्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, हे लक्षात घेतले की कथेची गंमत वाढते. युरोपात फाशांच्या शक्यतांवर पहिल्याप्रथम पुस्तक लिहिणाऱ्यांत जिरोलामो कार्दानो हा इटालियन होता (१५०१–१५७६). तो पेशाने डॉक्टर. स्कॉटलंडच्या आर्चबिशपाच्या दम्यावर उपचार करण्यासाठी त्याला १५५२ मध्ये तिकडे बोलावले होते. जुगाराचा नाद त्याला जन्मभर होता. त्याचे ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापले गेले.

मला अधिक उपयोगी वाटतो तो वेल्डन हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ. बारा फासे एकदम टाकण्याच्या २६,३०६ खेपांची नोंद त्याने १८९४ मध्ये मांडली. पाच किंवा सहा पडण्याचे प्रमाण हिशेबाने शंभरात ३३.३३ यायला हवे, आले ३३.७७. फरक बारीक आहे, पण इतक्या दानांत तो निव्वळ योगायोगाने पडणे कठीण. फाशावर ठिपक्यांसाठी खड्डे कोरतात. पाच आणि सहाच्या बाजूंना खड्डे जास्त, म्हणून त्या बाजू किंचित हलक्या होऊन वर येत असाव्यात, असे त्याचे कारण सांगितले जाते. कागदावरचा फासा आणि हातातला फासा यांतले एवढेसे अंतरसुद्धा मोजल्याशिवाय कळत नाही.

आता दवाखान्यात येऊ. माणसाच्या देहाला सहा सारख्या बाजू नसतात. म्हणून डोळे मिटून, नुसत्या विचाराने पक्षाघाताची शक्यता कोणताही डॉक्टर काढू शकत नाही. आम्ही जे टक्के सांगतो ते सगळे नलाच्या रीतीचे आहेत. हजारो रुग्णांकडे वर्षानुवर्षे पाहून, मोजून काढलेले. आणि ऐकणारा रुग्ण मात्र एकटा असतो, त्याच्या वाट्याला दान एकच.

माझे एक रुग्ण निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. त्याला आम्ही एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याची आणि पक्षाघात होण्याची शक्यता साधारण पाचपट वाढते. रक्त पातळ करणारी गोळी ती शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने कमी करते. गुरुजींनी तीन वर्षे गोळी घेतली आणि एके दिवशी स्वतःच बंद केली. हे सांगत आली ती त्यांची सून. गुरुजींचे म्हणणे सरळ होते, “डॉक्टर, तीन वर्षांत काही झाले नाही. म्हणजे मला गरजच नव्हती.”

मी चिठ्ठीचा कागद उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला. “गुरुजी, तुमच्यासारख्या शंभर जणांत गोळीवाचून वर्षाला पाच जणांना झटका येतो असे धरा. तीन वर्षांनी धडधाकट किती उरतील?” त्यांनी तोंडीच हिशेब केला. पहिल्या वर्षअखेर ९५, दुसऱ्या वर्षी ९०, तिसऱ्या वर्षी ८६. मग चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे गोळी न घेणारे शहाऐंशी जणसुद्धा आज माझ्यासारखेच बोलत असतील.” मी म्हटले, “होय, आणि उरलेल्या चौदांतल्या बऱ्याच जणांना इथवर चालत येऊन बोलता येत नाही.”

गोळी त्यांनी पुन्हा सुरू केली. तिने झटका टाळला की तो येणारच नव्हता, हे त्यांना कळणार नाही आणि मलाही नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या गोळीचे स्वतःचेही एक दान आहे, रक्तस्रावाचे. म्हणूनच वय, वजन, मूत्रपिंडाची तपासणी पाहून मात्रा ठरते, आणि कधी कधी गोळी न देणेच शहाणपणाचे असते. पण तो हिशेब डॉक्टरांसमोर बसून करायचा असतो. ‘काही झाले नाही’ एवढ्यावर घरच्या घरी गोळी थांबवायची नसते.

याची उलट बाजू अधिक दुखरी आहे. सगळ्या गोळ्या वेळेवर देऊनही वडिलांना झटका आला, अशी एखादी लेक समोर बसते आणि विचारते, “मी कुठे कमी पडले?” शेजारीपाजारी तर मोकळेच असतात, ‘बघा, गोळ्या घेऊन काय उपयोग झाला!’ शक्यता दोन तृतीयांशाने घटली तरी एक तृतीयांश उरतेच, आणि कुणाच्या तरी घरी ते दान पडतेच. त्या लेकीला मी वेल्डनच्या फाशांविषयी सांगतो. नको ती बाजू थोडी जड करून ठेवायची, म्हणजे ती कमी वेळा वर येईल, एवढेच आपल्या हातात असते. तिने ते वर्षानुवर्षे, सकाळ-संध्याकाळ केले होते. दान तिच्या हातात नव्हते.

एका बाबतीत मात्र घरबसल्या आपल्याला अनेक दाने टाकता येतात, ती म्हणजे रक्तदाब. अनेक घरांत यंत्र आहे, आणि एकदा १६० दिसले की सारे घर घाबरते, एकदा १२० दिसले की लोणच्याची बरणी उघडते. एक नोंद म्हणजे एक दान. त्याऐवजी सात दिवस मोजावे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला. सकाळी गोळी व नाश्ता यांच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा. दोन मोजण्यांत एक मिनिट थांबावे. मोजताना गप्पा नकोत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकी सगळ्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर डॉक्टरांशी बोलावे. आकडा फार मोठा दिसला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही असेल, तर सरासरीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. एरवी आवडले नाहीत म्हणून आकडे खोडू नयेत. वही दवाखान्यात येताना आणावी आणि एकदा यंत्रही सोबत आणावे, म्हणजे आमच्या यंत्राशी ते ताडून पाहता येते.